मोहल्ल्यातल्या कष्टकरी भगिनी मतदानापासून दूर का राहतात, आणि आपण काय करू शकतो?

मतदार यादीच्या कामाला आम्ही शिक्षक मंडळी घरोघर फिरतो. पत्र्याच्या दारावर टकटक केली की आतून आवाज येतो, "घर में मर्द नहीं है, शाम को आओ." आम्ही म्हणतो, "बाजी, मर्द से काम नहीं, आपका ही नाम देखना है." मग दार थोडं उघडतं. ओढणी सावरत बाई उभी राहते. एका हातात साडीला लावायच्या खड्यांची डबी, मागे जमिनीवर पसरलेली साडी. आम्ही नाव विचारतो. ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "सलीम की अम्मी लिख लो ना. सब जानते."

हा अनुभव एकदा नाही, अनेकदा आला. आधी आम्हाला हसू यायचं. नंतर एक गोष्ट वाचली आणि हसू गेलं. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक 1951-52 साली झाली. तिच्या तयारीत मतदार याद्या बनवताना असंख्य स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असा निर्णय दिला. दुरुस्तीला वेळ देऊनही शेवटी सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून वगळावी लागली. त्या सगळ्या धर्मांच्या होत्या आणि बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या. पण कारण ओळखीचं आहे. बाईला स्वतःच्या नावाने ओळखायची सवय घरालाच नव्हती.

त्यानंतर देशातली स्त्री बरीच पुढे गेली. 1962 च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचं मतदान सुमारे 63 टक्के होतं आणि स्त्रियांचं 47 टक्क्यांच्या आत. 2019 मध्ये स्त्रियांची टक्केवारी पुरुषांच्या किंचित वर गेली. म्हणजे "बायकांना राजकारणात रस नसतो" हे म्हणणं आकड्यांनीच खोटं पाडलं आहे. तरीही आपल्या मोहल्ल्यांत रोज हातावर पोट असलेल्या भगिनी मागे राहताना दिसतात. विड्या वळणाऱ्या, पावरलूमसाठी कांडी भरणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या. त्यांना जागृतीची भाषणं ऐकवून फार फरक पडत नाही, हे आम्ही पाहिलं. त्यांच्या वाटेत अडथळे आहेत, आणि ते एकेक करून काढता येतात. या लेखात तेच मांडायचा प्रयत्न आहे.

पहिला अडथळा: मजुरी

सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवलं होतं की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचा मोठा हिस्सा घरी बसून काम करतो. या कामाला महिन्याचा पगार नसतो, नगावर पैसे असतात. जितक्या साड्या, जितक्या विड्या, तितके रुपये. दोन तास रांगेत उभं राहणं म्हणजे त्या दिवसाच्या भाजीचे पैसे जाणं.

कायदा काय म्हणतो, हेही माहीत असावं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 135 बी प्रमाणे उद्योग, दुकान किंवा कोणत्याही आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यावी लागते आणि त्या दिवसाचा पगार कापता येत नाही. रोजंदारीवरच्या कामगारालाही हे लागू आहे. कारखान्यात, दवाखान्यात किंवा दुकानात झाडू-पोछा करणाऱ्या भगिनींनी हे मालकाला जरूर सांगावं. मालकाने मोडलं तर दंड आहे, पण तो 500 रुपयांपर्यंतच.

घरी बसून खडे लावणाऱ्या बाईचं काय? तिचा मालक कागदावर कुठेच नाही. ठेकेदाराचा माणूस येतो, माल टाकतो, घेऊन जातो. तिला सुट्टी कोण देणार? हा कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मान्य करू या. तिला सुट्टीपेक्षा वेळ वाचवून हवा आहे. त्यासाठी मोहल्ल्यानेच सोय करायची:

* फज्रनंतर चहा घेऊन सरळ केंद्रावर जायचं. मतदान सुरू होतानाची रांग बहुधा लहान असते, ऊन नसतं.
* गल्लीतल्या एका घरात दोन वयस्कर खालांनी लहान मुलं सांभाळायची. बाकीच्या पाच-सहा जणींनी एकत्र जायचं. त्या आल्या की खालांनी जायचं.
* तान्हं मूल कडेवर असेल तर रांगेत थांबायची गरज नाही. मूल घेऊन आलेल्या बाईला, वृद्धांना आणि अपंगांना आधी सोडण्याच्या सूचना केंद्राध्यक्षांना असतात. नम्रपणे सांगा, ऐकतात.
* मतदानाची वेळ संपताना जी रांगेत उभी आहे तिला परत पाठवत नाहीत. रांगेतल्यांना चिठ्ठ्या देतात आणि सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहतं. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या भगिनींनी "अब क्या फायदा" म्हणून घरी जाऊ नये.
* लोकसभा आणि विधानसभेला 85 वर्षांवरच्या मतदारांना आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म 12 डी भरावा लागतो.

दुसरा अडथळा: एका बाईची चार नावं

आमच्या मते सगळ्यात जास्त मतं इथेच वाया जातात. समजा, एका भगिनीचं नाव शबाना आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती "शेख शबाना परवीन शेख इब्राहिम". लग्नानंतर आधारवर "शबाना परवीन सलीम शेख". रेशन कार्डावर "शबानाबी". मतदार यादीत कोणीतरी घाईने लिहिलेलं "शेख शबना सलिम". निकाहनामा उर्दूत, यादी मराठीत, आधार इंग्रजीत. खातून, बानो, बेगम, बी, परवीन हे शब्द एका कागदावर असतात आणि दुसऱ्यावर नसतात. बाई तीच असते, पण कागदांना ती चार बाया वाटते.

त्यात भाड्याचं घर. दर दोन-तीन वर्षांनी गल्ली बदलते. जुन्या पत्त्यावर कोणी सापडलं नाही की नाव वगळलं जाऊ शकतं. नव्या पत्त्यावर नोंद झालेली नसते. मतदानाच्या दिवशी ती कार्ड घेऊन येते आणि कळतं की यादीत नाव नाही. आम्ही एका निवडणुकीत केंद्रावर ड्युटीला होतो. साठीच्या एका खालांना असंच परत जावं लागलं. कार्ड दोन्ही हातांनी पुढे धरून त्या म्हणत होत्या, "ये देखो, ये मैंच हूँ." त्या त्याच होत्या. पण त्या दिवशी त्यांच्यासाठी काहीही करण्याची मुभा कोणालाच नव्हती.

म्हणून एक नियम सगळ्यांनी पाठ करावा: कार्ड म्हणजे मत नाही, यादीतलं नाव म्हणजे मत. कार्ड हरवलं तरी आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड यांपैकी काहीही चालतं. पण यादीत नाव नसेल तर काहीच चालत नाही.

कोणता फॉर्म कशासाठी, तेही थोडक्यात:

* फॉर्म 6: पहिल्यांदाच नाव नोंदवण्यासाठी. वय 18 पूर्ण हवं. पूर्वी फक्त 1 जानेवारीची तारीख धरत. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. कॉलेजला जाणाऱ्या मुलींना हे जरूर सांगा.
* फॉर्म 8: पत्ता बदलला, नावात चूक आहे, फोटो चुकीचा आहे किंवा कार्ड हरवलं, तर हा फॉर्म. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीचं नाव मायक्याच्या यादीत असेल तर तिनेही फॉर्म 8 च भरावा. नवीन फॉर्म 6 भरला की दोन ठिकाणी नाव होतं. ते कायद्याला धरून नाही, आणि पुढे दोन्हीकडून कटकट होते.
* फॉर्म 7: नाव कमी करण्यासाठी किंवा कोणाच्या नावावर हरकत घेण्यासाठी. तुमच्या नावावर हरकत घेतल्याची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. सांगितलेल्या तारखेला कागद घेऊन हजर राहा. न गेल्यास नाव जाऊ शकतं.

पत्त्याच्या पुराव्यासाठी लाईट बिल बाईच्याच नावावर हवं असं नाही. त्याच पत्त्यावर पतीची किंवा आई-वडिलांची नोंद असेल तर त्यांच्या नावाचा कागदही चालतो. अर्ज मोबाईलवरून भरता येतो किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे देता येतो. 1950 या नंबरवर फोन करून माहिती मिळते.

नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद या निवडणुकांसाठी वेगळी नोंदणी होत नाही. एका ठरलेल्या तारखेची विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे वाटली जाते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. नाव आधीच असावं लागतं.

2025 मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची सखोल फेरतपासणी झाली. त्यात 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे 65 लाख नावं नव्हती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी कारणं दिली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आधार कार्डही पुरावा म्हणून धरलं गेलं. यात घाबरण्यासारखं नाही, पण शिकण्यासारखं आहे. पडताळणी दारात येते तेव्हा कागद जमवायला वेळ कमी असतो. आई-वडिलांचं नाव जुन्या यादीत कुठे होतं, हे सासरी आलेल्या बाईला शोधावं लागतं, आणि मायका दुसऱ्या जिल्ह्यात असतो. ही शोधाशोध आज शांतपणे करून ठेवलेली बरी.

तिसरा अडथळा: आत काय होतं ही धास्ती

पहिल्यांदा मत देणाऱ्या भगिनींचे प्रश्न साधे असतात. बुरखा काढावा लागेल का? मशीन चुकीचं दाबलं तर? लिहिता येत नाही, मग? शौहर बरोबर आत येतील का?

ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवावा लागतो, पण तो सगळ्यांसमोर दाखवायची सक्ती नाही. पर्दानशीन मतदार असतील तिथे महिला कर्मचाऱ्याकडून, आडोशाला, अदबीने ओळख पटवण्याची आणि बोटाला शाई लावण्याची सोय करायची असते. केंद्रावर महिला कर्मचारी दिसली नाही तर केंद्राध्यक्षांना विचारा. तो तुमचा हक्क आहे. आपल्या बाजूनेही सहकार्य हवं. चेहरा दाखवायला सांगणं म्हणजे अपमान नव्हे. दुसरी कोणी तुमच्या नावावर मत देऊ नये म्हणून ती काळजी आहे.

सही येत नसेल तर अंगठा चालतो. मशीनवर नावाशेजारी चिन्ह असतं, फोटो असतो. लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रातली चिठ्ठी सात सेकंद दिसते. मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत एका प्रभागात बहुधा चार जागा असतात. तिथे प्रत्येक जागेसाठी एक, अशी मतं द्यायची असतात. एक बटण दाबून घाईने बाहेर पडू नये. घरी वहीच्या कागदावर अ, ब, क, ड असे रकाने काढून एकदा समजावलं की बायका न चुकता मतदान करतात. आम्ही करून पाहिलं आहे.

पती आत येऊ शकतो का? नाही. फक्त दृष्टिहीन किंवा शारीरिक अडचण असलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. लिहिता-वाचता न येणं हे त्याचं कारण होत नाही. पडद्याच्या आत बाई एकटी असते, आणि तिने काय दाबलं हे विचारायचा हक्क कोणालाच नाही. ना पतीला, ना जमातच्या सदराला, ना उमेदवाराला.

आणि पोहोचल्यावर कळलं की आपल्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेलं, तर? रडत घरी जाऊ नका. ओळख पटवून दिल्यावर केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देऊ देतात. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात ठेवलं जातं. त्यामुळे गडबड झाल्याची नोंद तरी राहते.

नोट, कसम आणि योजना

आता जरा कडू बोलू या. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत काय फिरतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे नोट, कुठे साडी, आणि वर कसम. एक भगिनी आम्हाला म्हणाली होती, "पैसे लेके बैठी, अब कसम का डर लगता." तिची परिस्थिती अशी की त्या पैशात मुलाच्या औषधाचा खर्च निघणार होता. तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्याने गरिबाच्या तंगीचा भाव लावला त्याला आपण काय म्हणतो? तो तर सभेत पहिल्या रांगेत बसलेला असतो.

मतासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. दीनमध्येही रिश्वत देणारा आणि घेणारा, दोघांवर लानत आहे. कसमेचा मसला काय, हे भगिनींनी भरवशाच्या आलिमांना विचारावं, आणि आलिमांनीही जुम्याच्या बयानात यावर मोकळं बोलावं. नुसतं "वोट जरूर दो" एवढं पुरत नाही.

दुसरी भीती योजनेची. 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये अनेक घरांत येऊ लागले. "अमक्याला मत दिलं नाही तर पैसे बंद होतील" असं कोणी सांगितलं की बाया घाबरतात. हे पैसे सरकारी तिजोरीतले आहेत, कोणा पुढाऱ्याच्या खिशातले नाहीत. पात्रता उत्पन्न, वय आणि कागदपत्रांवर ठरते. मत गुप्त असतं, त्यामुळे मत बघून नाव काढणं शक्यच नाही. उलट या योजनेने एक गोष्ट दाखवली. ज्या भगिनींना "इनको क्या समझता" म्हटलं जायचं, त्यांनीच आधार, बँक खातं, दाखले गोळा करून अर्ज भरले. जिला ते जमलं तिला फॉर्म 8 अवघड नाही.

एका मताने काय होतं?

2024 ची लोकसभा निवडणूक. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल 48 मतांनी लागला. त्याच वर्षीच्या विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये 162 मतांचा फरक होता आणि साकोलीत 208. कोण जिंकलं, कोण हरलं, हा इथे मुद्दा नाही. 162 म्हणजे आमच्याकडच्या दोन-तीन गल्ल्यांमधल्या बायका. त्यातल्या किती जणी त्या दिवशी खडे लावत बसल्या असतील, याचा विचार दोन्ही बाजूंनी करावा.

मतदानानंतर खरं काम

मत पाच वर्षांनी एकदा. पाणी रोज लागतं. रेशन, अंगणवाडी, गटार, दवाखाना यांच्याशी जिचा रोज संबंध येतो ती घरातली बाई. पण अर्ज करायला, साहेबांना भेटायला जातात पुरुष, आणि तेही क्वचित. गरीब भगिनींना राजकारणात आणायचं म्हणजे त्यांना सभेच्या खुर्च्या भरायला बोलावणं नव्हे. त्यांच्या रोजच्या तक्रारीला कागदाचं रूप देता येणं, ही सुरुवात आहे.

याची सगळ्यात जवळची जागा म्हणजे शाळा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सरकारी आणि महापालिका शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. कागदावर या स्त्रिया असतातच. रजिस्टर घरी पाठवून सही किंवा अंगठा घेतला जातो.

आमच्या ओळखीच्या एका शाळेत मुलींच्या टॉयलेटला पाणी नव्हतं. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेतच यायच्या नाहीत. सभा दुपारी बारा वाजता असायची, तेव्हा एकही आई येत नसे. सभा शाळा सुटायच्या वेळेला ठेवली, कारण आया मुलांना घ्यायला येतातच. त्या दिवशी अकरा आया बसल्या. पाण्याचं त्यांनीच काढलं. पुरुष सदस्यांच्या तोंडून हा विषय वर्षभरात आला नव्हता.

अर्ज मराठीत लिहायचा होता. आयांना उर्दू थोडी येते, मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. नववीतल्या एका मुलीने लिहून दिला. खाली आयांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. महिनाभर काही झालं नाही. दुसरा अर्ज दिला, सोबत पहिल्याची पोच जोडली. तरीही शांतता. मग माहितीच्या अधिकारात विचारलं, "आमच्या अर्जावर काय कारवाई केली?" फी फक्त 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. चौथ्या महिन्यात नळ आला. टाकी अजून गळते, त्यासाठी पुन्हा अर्ज गेला आहे. पण त्या अकरा जणींना एक गोष्ट पक्की कळली. तोंडी तक्रार हवेत जाते, पोच असलेला कागद फाईलमध्ये राहतो.

असेच आणखी काही रस्ते आहेत:

* लोकशाही दिन: महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत होतो. अर्ज आधी द्यावा लागतो. आचारसंहितेच्या काळात तो होत नाही.
* महिला ग्रामसभा: गावात राहणाऱ्या भगिनींसाठी. नियमित ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची सभा घ्यावी लागते. तिथे मांडलेला विषय ग्रामसभेपुढे जातो.
* बचत गट: दहा-वीस जणी महिन्याला भेटतातच. हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं वस्तीच्या एका प्रश्नाला द्यावीत.
* उमेदवारांना सवाल: निवडणुकीच्या आधी गल्लीने तीन मागण्या कागदावर लिहाव्यात. मत मागायला जो येईल त्याला तोच कागद द्यावा, सगळ्या पक्षांना सारखा. निवडून आल्यावर तोच कागद घेऊन जावं.

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या प्रभागांतूनही भगिनी निवडून येतात. पण पोस्टरवर फोटो बाईचा आणि फोन उचलणारे तिचे पती, असं चित्र कमी नाही. ज्या भगिनीने शाळेच्या समितीत, बचत गटात, अर्ज-पोचच्या कामात चार वर्षं घालवली आहेत, तिला उद्या उमेदवारी मिळाली तर फोन ती स्वतः उचलेल.

दीन काय सांगतो?

काही घरांत अजून म्हटलं जातं, "औरतों का क्या काम?" त्यांच्यासाठी आदराने दोन गोष्टी. कुरआनच्या सूरह मुजादलाची सुरुवात ज्या घटनेशी जोडलेली आहे ती हजरत खौला बिन्ते सालबा (रजि.) यांची. पतीने केलेल्या अन्यायाची तक्रार घेऊन त्या स्वतः रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेल्या आणि आपली बाजू मांडत राहिल्या. त्यांची तक्रार अल्लाहने ऐकली आणि हुकूम उतरला. सूरह मुमतहिनामध्ये स्त्रियांच्या बैअतचा उल्लेख आहे. त्या बैअतमध्ये बाई स्वतः बोलत होती. पती किंवा बाप तिच्या वतीने बोलत नव्हता.

अनेक उलेमांनी मताला शहादत म्हणजे गवाही म्हटलं आहे. गवाही लपवू नये आणि विकू नये. अमानत योग्य माणसाकडे सोपवावी. हा हुकूम पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी वेगळा, असा नाही. आपल्या इतिहासातही दाखले आहेत. अली बंधूंच्या आई बी अम्मा बुरख्यात राहून खिलाफत चळवळीच्या सभांमध्ये बोलल्या. संविधान सभेत बेगम कुदसिया एजाज रसूल या एकमेव मुस्लिम महिला सदस्य होत्या. आणि 2019-20 च्या थंडीत दिल्लीच्या शाहीनबागेत, मुंबईच्या नागपाड्यात ज्या आजी-आया बसल्या, त्या बहुतेक साध्या घरांतल्याच होत्या. रस्त्यावर बसायची हिंमत ज्यांनी दाखवली त्यांच्यासाठी फॉर्म भरणं म्हणजे काहीच नाही. आपण त्यांना बसवून कोणी समजावलं नाही, एवढंच.

सुरुवात कुठून करायची?

मोठ्या मोहिमेची वाट बघू नका. एका गल्लीत दोन शिकलेल्या मुली, एक शिक्षक आणि एक मोबाईल एवढं पुरतं. घरोघर जाऊन प्रत्येक बाईचं नाव यादीत आहे का बघा. वहीत चार रकाने करा: नाव आहे, नाव नाही, चूक आहे, पत्ता बदलला. शेवटच्या तीन रकान्यांतल्या भगिनींचे फॉर्म भरा आणि पोच किंवा अर्जाचा क्रमांक त्याच वहीत लिहा. एका गल्लीला दोन रविवार लागतात. मशिदीच्या आणि मदरशाच्या जबाबदारांनी जुम्याला एवढं जाहीर करावं की अमक्या घरी, अमक्या वेळेला यादी बघता येईल, आणि तिथे भगिनी बसलेल्या असतील.

हे करताना कोणाला मत द्यायचं हे सांगू नका. ज्या दिवशी आपण ते सांगू, त्या दिवशी आपलं काम जागृतीचं राहणार नाही, दलालीचं होईल, आणि पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

पुरुष वाचकांना एक विनंती. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आईचं, पत्नीचं, बहिणीचं, सुनेचं नाव मतदार यादीत शोधा. सापडलं तर ते जसं छापलं आहे तसं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बरोबर आहे का, त्यांनाच विचारा. चूक असेल तर आजच फॉर्म 8 भरा. सापडलं नाही तर फॉर्म 6. आणि पुढच्या वेळी कोणी दारात येऊन नाव विचारलं, तर सलीमच्या अम्मीला आपलं नाव स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.